संयम आणि साधन : एका जुन्या वादाचे नवे शरीर

मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' हे इंजेक्शन भारतात अधिकृतपणे विक्रीस आले. त्याच वर्षी जूनमध्ये 'वेगोव्ही' आले. वेगोव्हीतील मूळ औषध सेमाग्लुटाइड. त्याच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, आणि त्यानंतर देशी कंपन्यांना वाट मोकळी. त्यामुळे वजन उतरवणाऱ्या औषधांचा प्रश्न हा काही आता परदेशी नटनट्यांपुरता उरलेला नाही. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांत तो पोचला आहे आणि आमच्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्येही. या चर्चेतला सर्वांत ठाशीव आक्षेप वैद्यकीय नसतो, नैतिक असतो. जिभेवर ताबा ठेवायचा नाही, घाम गाळायचा नाही, आणि सुई टोचून बारीक व्हायचे, ही फसवणूक नव्हे काय, असा त्याचा सूर असतो.

आम्ही मराठीचे अध्यापक. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु हा आक्षेप ऐकताना आम्हांला सतत असे वाटत राहिले की, हे वाक्य आपण कोठे तरी वाचले आहे. वाचले होतेच. वैचारिक गद्याच्या तासाला ज्यांचे नाव घेऊन आपण एखाद्या पानात पुढे सरकतो, त्या रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या काळात तेच वाक्य दुसऱ्या एका साधनाबद्दल उच्चारले जात होते. ते साधन संततिनियमनाचे.

र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी, हे लक्षात घेतले म्हणजे आपण या बाबतीत जगाच्या किती बरोबरीने चाललो होतो ते कळते. १९२३ मध्ये त्यांचे 'संततिनियमन : विचार व आचार' हे पुस्तक आले. १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी त्यांना याच कार्यापायी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू झाले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे संपादकाच्या मृत्यूपर्यंत, ते चालले. या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्वे यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना छापील उत्तरे देणे हा तेथे गुन्हा ठरवला जात होता. खटला हरला गेला, दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही. य. दि. फडके यांनी कर्वे यांचे चरित्र लिहून आणि अनंत देशमुख यांनी त्यांचे लेखन संपादित करून हा सारा इतिहास आपल्या हाती दिला आहे, त्याची पुनरुक्ती येथे नको. आम्हांला हवा आहे तो त्या वादाचा सांगाडा.

कर्वे यांच्या विरोधकांत सगळेच काही सनातनी नव्हते. कुटुंब लहान असावे, स्त्रीची वारंवारच्या बाळंतपणातून सुटका व्हावी, हे त्यांतील अनेकांना मान्य होते. त्यांचा आक्षेप उद्दिष्टाला नव्हता, साधनाला होता. मुले नकोत ना? मग ब्रह्मचर्य पाळा. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या, तेव्हाही मतभेदाचा मुद्दा हाच होता. स्त्रियांच्या हालांविषयी दोघांत दुमत नव्हते. गांधीजींचे म्हणणे असे की, कृत्रिम साधनाने भोगाचे परिणाम टाळता आले तर संयमाची गरजच उरणार नाही आणि माणसाचे चारित्र्य सैल होईल. म्हणजे फळ एकच, पण संयमाने मिळवले तर ते पुण्य आणि साधनाने मिळवले तर ती पळवाट. कर्वे यांना हा भेद मुळातच मान्य नव्हता. ज्या कृतीने दुसऱ्याचे नुकसान होत नाही तिच्यात नीती-अनीतीचा प्रश्नच येत नाही, अशी त्यांची सरळ, गणिती भूमिका होती.

आता 'मुले'च्या जागी 'वजन' आणि 'ब्रह्मचर्या'च्या जागी 'डाएट' हा शब्द ठेवून पाहावा. वादाचा सांगाडा जसाच्या तसा उभा राहतो. वजन उतरावे हे सर्वांनाच मान्य आहे. डॉक्टर तसे सांगतात, नातेवाईक तर न विचारता सांगतात. आक्षेप आहे तो सुईला. आम्हांला असे वाटते की, या आक्षेपाच्या मुळाशी आरोग्याची काळजी फार थोडी आणि शिक्षेची अपेक्षा बरीच आहे. लठ्ठपणा हे खादाडीचे फळ आहे, तेव्हा त्यातून सुटका हवी असेल तर ती भुकेच्या यातनेतूनच व्हावी, असे आपल्याला कोठे तरी खोल वाटत असते. प्रसूतिवेदनांविषयीही एके काळी असेच वाटत असे.

या समजुतीचे वय पाहावयाचे तर चरकसंहितेपर्यंत मागे जावे लागेल. तिच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिंदितीय' नावाचा अध्याय आहे. फार उंच, फार ठेंगणा, फार केसाळ, केसविरहित, फार काळा, फार गोरा, फार स्थूल आणि फार कृश असे आठ प्रकारचे देह तेथे निंदित म्हणून सांगितले आहेत. पहिल्या सहांना वैद्यकाचा ग्रंथ जवळजवळ नुसता नमस्कार करून पुढे जातो आणि शेवटच्या दोघांवर मात्र विस्ताराने लिहितो. निंदा करणारा समाज आणि चिकित्सा करणारा वैद्य यांची नजर एकाच अध्यायात अशी शेजारी शेजारी सापडावी, हे साहित्याच्या अभ्यासकाला रंजक वाटेल. पण त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. स्थौल्याची कारणे सांगताना चरक अतिभोजन, गोडधोड, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप हे सारे सांगतो, मजेने आणि निश्चिंतपणे राहणेही सांगतो, आणि त्याच यादीत 'बीजस्वभाव' हे कारणही घालतो. म्हणजे काही देह बीजापासूनच तसे असतात, हे त्याला ठाऊक होते. आपण यादीतला पहिला भाग पाठ केला आणि शेवटचा शब्द सोडून दिला.

हा सोडलेला शब्द परत मिळवून देण्याचे काम पुण्यात झाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची बाळे यांचा दीर्घ अभ्यास चालवला. त्या बाळांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्व मापांनी लहान भरली, स्नायू तर फारच कमी. मात्र पाठीवरील त्वचेखालची चरबी जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त असा हा देह. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छायाचित्र छापले गेले. त्यात याज्ञिक आणि त्यांचे इंग्लिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंची-वजनाच्या हिशेबाने येणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

या एका छायाचित्राने दोन गोष्टी केल्या. एक तर डोळ्यांना दिसणाऱ्या जाडीवरून माणसाचे आरोग्य जोखण्याचा आपला हक्क काढून घेतला. आणि दुसरे असे की, मधुमेहाची मुळे माणसाच्या ताटात शोधण्याऐवजी त्याच्या आईच्या, आजीच्या रिकाम्या ताटात शोधावी लागतील, असे सुचवले. जिला पोटभर मिळाले नाही अशा बाईच्या गर्भाने मिळेल तो कण चरबीच्या रूपात साठवून ठेवायला शिकावे आणि दोन पिढ्यांनी त्याच देहाला डोंबिवलीच्या वन-बीएचकेत 'संयम नाही' म्हणून ऐकून घ्यावे लागावे! संयमाचा युक्तिवाद येथे नुसता कठोर ठरत नाही, तो चुकीचा ठरतो.

जाता जाता एक आठवण. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मधील 'उपास' आपण सर्वांनी हसत हसत वाचला आहे. वजन उतरवण्याचा एका माणसाचा खासगी संकल्प चाळीला कळतो आणि मग प्रत्येक बिऱ्हाड त्याच्या ताटातला एकेक पदार्थ काढून नेते. विनोद म्हणून हे अप्रतिम आहेच. परंतु दुसऱ्याचे शरीर ही आपल्याकडे किती सार्वजनिक मालमत्ता आहे, याचा इतका नेमका दस्तऐवज मराठीत दुसरा नसेल.

तर मग कर्वे यांचे उत्तर स्वीकारून प्रश्न मिटवावा काय? शरीर ज्याचे, निर्णय त्याचा. आम्हांला हे उत्तर प्रिय आहे, पण पुरेसे वाटत नाही. आणि ते का पुरत नाही हेही इतिहासच सांगतो.

वजन उतरवणाऱ्या औषधांचा इतिहास हा मुख्यतः अपघातांचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार विचित्रपणे रोडावू लागले. त्याचे कारण होते डायनायट्रोफिनॉल हे रसायन. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तेच वजन उतरवण्यासाठी सुचवले आणि वर्षभरात अमेरिकेत लाखाच्या आसपास लोकांनी ते घेतले. कोणाला मोतीबिंदू झाला, कोणी अंगातील उष्णतेने दगावले. पुढे अँफेटामाइनच्या गोळ्यांनी व्यसन लावले. फेनफ्लुरामिनने हृदयाच्या झडपा बिघडवल्या आणि १९९७ मध्ये ते मागे घेतले गेले. रिमोनाबंटने मन खचवले, भारतात २००९ मध्ये त्यावर बंदी आली. सिब्युट्रामिनवर ती आली २०११ मध्ये, हृदयविकाराच्या धोक्यामुळे. यांपैकी प्रत्येक औषध घेणाऱ्याने ते 'स्वतःच्या मर्जीने' घेतले होते. पण जे सांगितलेच गेले नाही त्याला मर्जी कशी द्यावी?

नव्या औषधांचे गोत्र निराळे आहे, हे मान्य केले पाहिजे. आतड्यातून स्रवणाऱ्या, तृप्तीचा निरोप मेंदूला पोचवणाऱ्या एका संप्रेरकाची ती नक्कल आहेत. मधुमेहावर या जातीची औषधे २००५ पासून वापरात आहेत, म्हणजे वीस वर्षांचा अनुभव पाठीशी आहे. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, नुसत्या पाण्याच्या सुईवर असलेल्यांचे २.४ टक्के. मळमळ, उलट्या हे त्रास सर्रास, स्वादुपिंडाचा दाह आणि पित्ताशयाचे विकार क्वचित. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि वर सांगितलेल्या कमी स्नायूंच्या भारतीय देहाला ही गोष्ट किरकोळ नव्हे. आणखी एक बाब दुकानात सहसा कोणी सांगत नाही. त्याच चाचणीतील ज्यांनी औषध थांबवले त्यांचे उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आले. म्हणजे हा एकदा घ्यायचा निर्णय नव्हे, तो दर आठवड्याला नव्याने घ्यावा लागतो.

माहितीचा हा प्रश्न आपल्या कायद्यात एका चमत्कारिक रीतीने गुंतला आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार काही विकारांवरील औषधांची जाहिरात करता येत नाही. त्या परिशिष्टात लठ्ठपणा आहे. आणि त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात पहिलीच बंदी आहे ती गर्भपाताच्या व गर्भधारणा रोखण्याच्या औषधांच्या जाहिरातीवर! कर्वे जाऊन वर्षही झाले नव्हते. १९५९ मध्ये हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा गाभा उचलून धरला; व्यापारी जाहिरात म्हणजे विचारस्वातंत्र्य नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. एकाच कायद्याने प्रबोधनकार आणि भोंदू या दोघांची तोंडे बांधावीत, यातील विसंगती कोणाच्या फारशी नजरेस आलेली दिसत नाही. भोंदूचे तोंड अर्थातच बांधले गेले नाही. आठवड्यात पाच किलो उतरवून देणारी चिठोरी लोकलच्या डब्यात आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. आणि आता कंपन्यांच्या 'जनजागृती'च्या जाहिरातीत औषधाचे नाव नसते. लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांशी बोला, एवढेच असते. कायदा मोडत नाही, आणि निरोप पोचतो.

कर्वे यांच्या उत्तराची दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. तिच्यासाठी १९७६ कडे यावे लागेल. संयमवाद्यांचा पराभव व्हायला फार काळ लागला नाही. मुंबई विधानसभेत १० नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांनी तयार केलेले संततिनियमनाच्या बाजूचे भाषण पी. जे. रोहम यांनी मांडले तेव्हा ठराव फेटाळला गेला होता. स्वातंत्र्यानंतर तेच शासनाचे अधिकृत धोरण झाले. आणि आणीबाणीत, १९७६ साली, याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. देशात असे पाऊल उचलणारे हे पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा प्रत्यक्षात आला नाही, एवढेच आपले नशीब. ज्या साधनासाठी कर्वे यांनी नोकरी गमावली, ते पंचावन्न वर्षांत मोकळीक देणाऱ्याच्या हातून निसटून हुकूम देणाऱ्याच्या हाती गेले होते. साधन तेच. नाही म्हणण्याची सोय तेवढी गेली होती.

वजनाच्या बाबतीत शासन असे विधेयक आणील, असे आम्हांला वाटत नाही. त्याची आवश्यकताही नाही. हुकूम देणारे दुसरे आहेत. हवाई सुंदरींची उदाहरणे घ्यावीत. पहिले बाळंतपण आले की नोकरी संपली, हा एअर इंडियाचा नियम १९८१ च्या नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. स्त्रीच्या गर्भाशयावरील मालकाचा दावा असा मोडला गेला. पण वजनकाट्यावरील दावा टिकला. २००८ मध्ये, ठरावीक वजनाच्या पुढे गेलेल्या हवाई सुंदरींना उड्डाणावरून उतरवण्याच्या प्रश्नात दिल्ली उच्च न्यायालयाने विमान कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि २००९ च्या जानेवारीत काहींच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा ही इंजेक्शने नव्हती. आज असती तर 'उपाय असताना का घेत नाही?' हा प्रश्न त्यांना विचारला गेलाच असता. प्रत्येक नवे साधन 'करता येते' या शब्दांनी येते. 'करायला काय हरकत आहे' इथपर्यंत ते लगेच पोचते, आणि तेथून 'केलेच पाहिजे' हे अंतर फार नसते.

आणि आमच्या भागात नोकरीहून मोठा मालक लग्न आहे. वधूवरसूचक मंडळांच्या याद्यांत आणि वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत 'सडपातळ' हा शब्द गेली कित्येक दशके 'गोरी' आणि 'गृहकृत्यदक्ष' यांच्या मध्ये सुखाने बसला आहे. वराच्या जाहिरातीत तो आम्हांला क्वचितच आढळला. चरकाच्या निंदित आठांतील रंग आणि देह हे दोन अजूनही त्या याद्यांत जिवंत आहेत. या दडपणाखाली एखादी मुलगी सुई घेते तेव्हा तो तिचा स्वतंत्र निर्णय म्हणावा की नाही? नाही म्हणावे तर आपण पुन्हा तिचे पालक होऊन बसतो, आणि संयमवाद्यांच्याच पंक्तीला जाऊन बसतो. हो म्हणावे तर ज्यांनी तिला त्या सुईपर्यंत नेऊन उभे केले त्या सर्वांची सुटका होते. आम्ही स्वतः, बऱ्याच वादानंतर, 'हो'च्या बाजूला आहोत. तिला सुई नाकारून लग्नाचा बाजार सुधारत नाही. बाजाराची शिक्षा तेवढी तिला एकटीला भोगावी लागते. मात्र ही 'हो' म्हणण्याची अट अशी की, थांबण्याचा निर्णयही तिचाच असला पाहिजे.

येथे पैशाचा प्रश्न येतो, आणि पुन्हा कर्वे यांच्याच घरात डोकवावे लागते. मूल होऊ न देण्याचा निर्णय रघुनाथराव आणि मालतीबाई या दोघांनी मिळून घेतला, तो आयुष्यभर निभावला. प्राध्यापकी गेल्यावर मासिक तोट्यात चालत असताना घराला मालतीबाईंच्या कमाईचा आधार होता. स्वातंत्र्याच्या त्या थोर प्रयोगाचा खर्च असा एका बाईच्या कष्टांतून भागत होता, आणि चरित्रांत तो दोन-चार ओळींत उरकतो. भारतात आले तेव्हा मौंजारोच्या सर्वांत लहान, २.५ मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये होती; पाच मिलिग्रॅमची ४,३७५. कुपी आठवड्याला एक. देशी औषधांच्या स्पर्धेने हा आकडा खाली येईल, पण शून्य होणार नाही. पदवीच्या वर्गातील मुलीकडे हे पैसे नसतात. ते वडील देतात, पुढे कदाचित नवरा देईल.

कर्वे शिकवताना आम्ही हा सारा वाद तृतीय वर्षाच्या वर्गात मांडून पाहिला. संयम, साधन, नीती यांवर मुले हिरिरीने बोलली. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने तास संपता संपता एवढेच विचारले, "सर, लग्नाआधी घरच्यांनी सुरू केलं, तर लग्नानंतर बंद कधी करायचं ते कोण सांगणार, माहेर की सासर?"